बिनचांदणीची बंदूक

वडनेरच्या आसपास कोणाला बैल घ्यायचा असला तर आधी चंद्रभान पोहाणेला सोबत न्यायचं, मग पैशाची पिशवी. चंद्रभान बाजारात गेला की व्यापारी बिडी विझवून उभे राहत. गवळाऊ जातीचा गोऱ्हा खरा की कुठल्या भलत्याच रक्ताचा, हे तो खुरावरून सांगे. म्हाताऱ्या बैलाच्या दातावर कानस मारून त्याला जवान केला असेल, पांढऱ्या चट्ट्यावर काजळ चोळलं असेल, शिंगं घासून सारखी केली असतील, तर ते चंद्रभानला लांबूनच दिसे. मग तो व्यापाऱ्याला चारचौघांत काही बोलत नसे. नुसता हसे. त्या हसण्याला लोक फार भीत.

अशा माणसाला बंदुकीचा नाद लागला तो सत्याहत्तरच्या निवडणुकीत. त्याच्याकडे पीक राखायला बापाच्या वेळची एकनळी बारा बोअर होती, लायसनची. निवडणूक आली की अशा सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. चंद्रभान आपली जमा करायला गेला आणि बाकावर बसून राहिला. समोर पोलिसांच्या रायफली साखळीत ओवून उभ्या होत्या, दावणीला बांधल्यासारख्या. जगाच्या दृष्टीनं त्या सगळ्या थ्री-नॉट-थ्री. पण चंद्रभानच्या डोळ्याला दावणीत दोन जाती दिसल्या. काहींचं तोंड बुटकं, लाकडाच्या बरोबरीत संपणारं. काहींची नळी मात्र बोटभर बाहेर आलेली. त्यानं शिपायाला विचारलं, हे असं काऊन?

"बंदूक हाय थे," शिपाई म्हणाला. "बंदुकीले काय जात?"

"बैलाले असते, माणसाले असते, तं बंदुकीले काऊन नसन?" चंद्रभान म्हणाला.

त्या दिवसापासून त्याचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. आपला जिल्हा चरख्याचा. पेटी चरखा कोणता, अंबर कोणता, हे डोळे मिटून सांगणारे जाणकार इथं गल्लीगल्लीत सापडतील. त्या जिल्ह्यात हा एक गडी बंदुकांच्या जाती ओळखत हिंडू लागला. हिंगणघाटला बँकेत गेला की पैसे काढायचे विसरून पहारेकऱ्याच्या खांद्याकडं बघत बसे. पहारेकऱ्यानं दोनदा जागा बदलली. तिसऱ्यांदा त्यानं मॅनेजरला सांगितलं, की हा इसम एक तर दरोडा घालणार आहे किंवा याची पोरगी लग्नाची आहे.

शेवटी कोणीतरी त्याला पिंपळखुटे वकिलाचा पत्ता दिला. अच्युतराव पिंपळखुटे म्हणजे हिंगणघाटचे नामांकित संग्राहक. भिंतीवर तलवारी, कट्यारी, ढाली आणि कपाटात चित्रांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. स्वतः दिवाळीत टिकली फोडतानासुद्धा कानात बोटं घालत, पण शस्त्रांवर बोलायला लागले की समोरच्यानं जेवून यावं.

अच्युतरावांनी चंद्रभानला चटईवर बसवून बंदुकीची कुळी सांगितली. बुटक्या तोंडाची ती जुनी, मार्क तीन. तिच्यातली अस्सल कोणती? जिच्या उजव्या कुशीला, गोळ्यांच्या पेटीच्या वर एक पातळ पत्री सरकते ती. पहिल्या महायुद्धात घाई झाली, तेव्हा ही पत्री गाळली आणि 'तीन'च्या शेजारी ठशात एक चांदणी मारली. नळी बाहेर डोकावते आणि नेम धरायची खूण मागं डोळ्याजवळ असते, ती नंबर चार, नंतरची. गोळ्यांची पेटी चौकोनी असेल तर ती आपल्याकडची, अगदी अलीकडची.

"बिनचांदणीची म्हणजे खानदान," अच्युतराव म्हणाले. "चांदणीची म्हणजे घराणं बरं, पण मध्ये कुठंतरी काहीतरी झालेलं."

चंद्रभानला हे लगेच पटलं. सोयरीक बघताना वडनेरात याच शब्दांत बोलत.

"अन् सगळ्याईत खाली?"

"कवायतीची. पोरांना डाव्या-उजव्या पायाची शिस्त लावायला. दस्त्यावर पांढरे पट्टे, आणि गोळी बसते तिथं आरपार भोक पाडलेलं. ती बंदूक नव्हे चंद्रभान. ते बंदुकीचं प्रेत."

निघताना वकिलांनी कायदाही सांगितला. खरी थ्री-नॉट-थ्री ही सरकारची. शेतकऱ्याच्या घरात सापडली तर हातात बेड्या पडतील आणि आहे ती बारा बोअरही लायसनसकट जाईल. म्हणजे रानडुकरांना शेत उघडं. तेव्हा बघ, ओळख, पण घरात आणू नकोस.

आता बैलाचा नाद असलेल्या माणसाला बैल नुसता बघून समाधान मिळतं का? जाम गावच्या चौरस्त्यावर ताराचंद नावाचा एक भंगारवाला ट्रकांचे जुने सुटे भाग विकत बसायचा. त्याच्याकडं कुठल्याशा मोडीत आलेली एक रायफल होती. चंद्रभाननं ती पाहिली. तोंड बुटकं. मार्क तीन. शेजारी चांदणी. दस्त्यावर पांढरे पट्टे. आणि गोळी बसायच्या जागी करंगळी जाईल एवढं आरपार भोक. प्रेत तर प्रेत, पण कायद्याला न भिता घरात ठेवता येईल असं प्रेत. त्यानं एक गोऱ्हा देऊन ते घोंगडीत गुंडाळून घरी आणलं.

बायकोनं, जयवंतानं, घोंगडी सोडून पाहिलं आणि पहिला प्रश्न तोच विचारला. "अवो, याले भोक काऊन हाय?"

चंद्रभाननं कायदा, कवायत, कुळी सगळं सांगितलं. तिनं भोकातून पल्याडची चूल पाहिली आणि म्हणाली, "गोऱ्हा चांगला होता."

हे एवढ्यावरच राहिलं असतं. पण दसरा तोंडावर आला. खांडेनवमीला घरातली हत्यारं पाटावर मांडायची रीत. विळी, कुऱ्हाड, वखराची लोखंडी पास, शिवणाचं मशीन आणि चंद्रभानकडं बंदूक म्हणून गावातली निम्मी माणसं पूजेला यायची. औंदा दोन बंदुका मांडू, म्हणून तो आनंदात होता. मारुतीचे गुरव बापूजी आदल्या दिवशी पाट बघायला आले. त्यांनी रायफल हातात घेतली, फिरवली, भोकात बोट घातलं आणि पाटावरून उचलून खाली ठेवली.

"खंडित हाय हे. फुटकी मूर्ती पुजते का कोणी? खंडित शस्त्र मांडलं तं घराले अवदसा लागते. मले दोष नको देजो मंग."

चंद्रभानचं तोंड उतरलं. त्याच दिवशी श्रावण कल्हईवाला निंबाखाली भाता लावून गावची पातेली उजळत बसला होता. चंद्रभाननं रायफल त्याच्याकडं नेली. श्रावणनं भोकात कथील ओतलं, घासून सारखं केलं, वरून जवसाच्या तेलात काजळी कालवून बोट फिरवलं. बोटानं चाचपलं तरी लागेना. बापूजी म्हणाले, आता चालते.

चाललं असतं. पण भोक गेल्यावर ते पांढरे पट्टे फारच डोळ्यात येऊ लागले. चांगल्या धडधाकट जनावराला कोणी उगाच पट्ट्या बांधाव्यात तसे. चंद्रभाननं ते काचेनं खरवडले. मग लोखंडावर कवायतीची अक्षरं होती, ती पॉलिश पेपरनं गेली. मग उरली चांदणी. ती एवढीशी, तीळभर. चंद्रभान कानस घेऊन ओसरीवर बसला. आपण काय करून राह्यलो हे त्याला कळलं नाही असं नाही. बाजारात हेच करणाऱ्यांना तो जन्मभर हसत आला होता. कानस दोनदा फिरवली, आणि मार्क तीन बिनचांदणीची झाली.

खांडेनवमीला गाव आलं. हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं. खरी का खोटी, असं कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर चंद्रभान कदाचित सांगूनही मोकळा झाला असता. पण शेजारच्या तानबानं सगळ्यांच्या आधी जाहीर केलं, "लढाईतली हाय हे." तानबाला जगातली कोणतीही गोष्ट आधीपासून ठाऊक असे. चंद्रभान गप्प राहिला. गप्प राहायला लायसन लागत नाही.

पुढच्या दोन वर्षांत त्या गप्प राहण्याला पानं-फुलं आली. चंद्रभाननं बारा बोअरनं एक डुक्कर पाडलं होतं. तानबाच्या तोंडी ते रायफलीनं मेलं, आधी कपाशीच्या शेतात या बांधावरून त्या बांधावर गोळी गेली, मग नाल्याच्या पलीकडं. जामची माणसं रायफल बघायला येऊ लागली. जाम गाव मोठं, चौरस्त्याचं, तिथं ट्रक थांबतात, ढाबे आहेत. पण वडनेरला बंदूक आहे, जामला काय आहे, असं तानबा त्यांना चहा पाजून विचारत असे.

एकदा अच्युतराव स्वतः आले. वकिलांनी भिंग काढलं, नळीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही एवढी काळजी घेत रायफल निरखली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मार्क तीन. बिनचांदणी. महायुद्धाच्या आरंभीची."

बिनचांदणीला कुशीला पत्री असते, हे चंद्रभानला त्यांनीच शिकवलं होतं. आणि इथं पत्री नव्हती. तो वाट बघत राहिला. वकिलांनीही ती जागा पाहिली, भिंग पुसलं आणि म्हणाले, "पत्री मात्र कोणी हरवलेली दिसते." मग जाताना अंगणात त्याच्या कानाशी लागून म्हणाले, "ही बंदूक तू घरात ठेवलीस, हे मी पाहिलं नाही असं समज."

आणि मग ऐंशीची निवडणूक लागली.

चंद्रभान बारा बोअर जमा करायला ठाण्यात गेला. तानबा सोबत होता, उगाच. ठाणेदार प्रभाकरराव नवे होते. निवृत्तीला आले होते, पण छातीवर अजून एकही पदक नव्हतं. त्यांनी ती जुनी एकनळी बघून नुसती मान हलवली. गावच्या बंदुकीकडं कोणी अशी मान हलवलेली तानबाला खपली नाही.

"साहेब, हे तं लहानी हाय," तो म्हणाला. "खरी घरी हाय. लढाईतली. थ्री-नॉट-थ्री."

प्रभाकररावांनी पेन खाली ठेवलं.

तासाभरात जीप वडनेरात मारुतीच्या पारापुढं उभी राहिली. रायफल जीपच्या बॉनेटवर ठेवली. पंच म्हणून तानबा आणि बापूजी गुरव. भोवती गाव. चंद्रभाननं हात जोडून सगळं सांगितलं. साहेब, खोटी हाय. कवायतीची हाय. भोक होतं, मी बुजवलं. पट्टे होते, मी खरवडले. अक्षरं मी घासली. प्रभाकरराव शांतपणे ऐकत होते. सापडलेला प्रत्येक माणूस माल खोटा आहे असंच सांगतो, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं. खुणा आरोपीनं स्वतःच्या हातानं नष्ट केल्या, एवढं मात्र त्यांना फार आवडलं. दुसरा पुरावा काही आहे का, असं त्यांनी विचारलं. कल्हईवाला श्रावण होता, पण तो भाता पाठीवर टाकून कोणत्या गावच्या निंबाखाली बसला असेल हे देवालाच ठाऊक.

मग त्यांनी पंचांना विचारलं.

तानबानं आधी चंद्रभानकडं पाहून डोळा मिचकावला, भिऊ नको, गाव पाठीशी आहे, अशा अर्थी. आणि मग ठणठणीत आवाजात म्हणाला, "खरी हाय साहेब. या डोयानं डुक्कर पडतानी पाह्यलं. आमच्या गावात खोटी वस्तू नाई राहत."

बापूजींची पंचाईत वेगळी होती. बंदूक खंडित होती म्हणावं, तर दोन-तीन दसरे आपण खंडित शस्त्राची पूजा सांगितली असं होतं. ते म्हणाले, माह्या हातानं पूजा झाली म्हणजे खरीच.

चंद्रभान एकेकाच्या पाया पडू लागला. त्याच्या अशा पाया पडण्यानं गावाला भरून आलं. एवढा मानी माणूस, पण पोलिसाच्या भेवानं आपल्या बंदुकीला नावं ठेवून राह्यला! बायकांनी पदर डोळ्याला लावले. कोणीतरी मागून म्हणालं, की भाऊ, तू आतमध्ये गेला तरी शेत आमी पाहू.

जाणकार म्हणून ठाणेदारांनी हिंगणघाटहून अच्युतरावांना बोलावलं होतं. ते रिक्षातून उतरले तसा चंद्रभानचा जीव भांड्यात पडला. हा माणूस तरी सांगेल. अच्युतरावांनी भिंग काढलं. पुन्हा तीच जागा. नसलेली पत्री. त्यांनी चंद्रभानकडं पाहिलं, गावाकडं पाहिलं, ठाणेदारांच्या टोपीकडं पाहिलं. खोटी म्हणावं तर याच गावापुढं महायुद्धाच्या आरंभीची म्हणून आपणच सांगून बसलेलो. जिल्ह्यात पुन्हा कोण ढाल दाखवायला घेऊन येणार?

"माझं मत मी पूर्वीच दिलेलं आहे," ते म्हणाले. "आणि मी मतं बदलत नसतो."

चंद्रभाननं त्यांच्याकडं पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं, की बाजारात ज्या नजरेनं आपण व्यापाऱ्याकडं बघतो, तिनंच आता बघतोय. फक्त हसू येईना. वकिलांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, घाबरू नकोस, जामीन मी करून देईन, फी घेणार नाही.

शिपायानं बेड्या काढल्या. तेवढ्यात जयवंता गर्दीतून पुढं आली. तिनं कोणाला काही विचारलं नाही. बॉनेटवरची रायफल उचलली आणि पाराशेजारच्या कमलाबाईच्या चहाच्या भट्टीकडं निघाली. बंदूक विस्तवाकडं चाललेली पाहून गाव फाकलं. शिपाई जीपमागं गेले. अच्युतराव पिंपळाच्या मागं गेले आणि तिथून म्हणाले की अशा प्रसंगी स्फोट होण्याचा संभव असतो.

"चहाचं गंज उतरव वं कमलाबाई," जयवंता म्हणाली. कमलाबाईनं उकळतं पातेलं खाली उतरवलं.

भरताचं वांगं धरावं तशी तिनं ती रायफल निखाऱ्यावर धरली, गोळी बसते तो भाग खाली करून. लाकूड जरा करपलं. जवसाच्या तेलाचा वास सुटला. मग काळ्या लोखंडातून चांदीसारखा एक थेंब निघाला आणि निखाऱ्यावर टपकला. मग दुसरा. मग धारच लागली.

तिनं रायफल पदरानं धरून ठाणेदारांच्या डोळ्यापुढं नेली. प्रभाकररावांनी एक डोळा मिटून पाहिलं. भोकातून पलीकडं मारुतीचा झेंडा स्वच्छ दिसत होता. ते पुष्कळ वेळ त्या झेंड्याकडं बघत राहिले. पदक दिसावं तिथं झेंडा दिसला, की माणसाला जरा वेळ लागतोच.

"माहा माणूस लबाड हाय साहेब," जयवंता म्हणाली. "गुन्हेगार नाई."

ठाणेदारांनी 'बंदुकीच्या आकाराची निकामी वस्तू' एवढं लिहून घेतलं आणि जीप गेली. बारा बोअर आणि तिचं लायसन वाचलं. अच्युतराव पिंपळामागून बाहेर आले, अंगरख्यावरची धूळ झटकली आणि म्हणाले, कवायतीची एवढी चांगली ठेवलेली दुर्मीळच, मला तेव्हाच शंका आली होती, विकायची असेल तर सांग.

गाव मात्र एकेक करून पांगलं. तानबा तेवढा पारावर बसून राहिला, घरात मयत झाल्यासारखा.

"मंग थे डुक्कर?" शेवटी त्यानं विचारलं.

"बारा बोअरनं मेलं. तुले माहीत हाय. तूच तं उचलू लागला होता."

"मले माहीत हाय रे. जामवाल्याईले काय सांगू?"

त्यानंतरच्या बैलबाजारात चंद्रभानला कोणी सोबत नेलं नाही. तो एकटाच गेला. व्यापाऱ्यांनी बिड्या विझवल्या नाहीत. एकानं तर बैलाचं तोंड फाकवून म्हटलं, "या पोहाणे, दात पाहा. कानस तुमचीच आणली हाय." आणि हसला. नुसताच. त्या हसण्याचा अर्थ चंद्रभानइतका कोणाला कळणार? घरी येऊन त्यानं चुना कालवला आणि दस्त्यावर दोन पांढरे पट्टे ओढले, जिथं होते तिथंच. चांदणी मात्र परत काढता येईना. घासून गेलेलं परत येत नाही, हे बैलाच्या दाताबद्दल तो लोकांना किती वेळा सांगत आला होता.

दसरा आला. खांडेनवमीच्या आदल्या दिवशी तानबा आला आणि श्रावण कल्हईवाला गावात आल्याचं सहज सांगून गेला. चंद्रभाननं ऐकून घेतलं, उठला नाही. या वर्षी पाटावर बारा बोअर, विळी, कुऱ्हाड एवढंच मांडू, आणि रायफल खुंटीला, असं त्यानं ठरवलं होतं.

पण नवमीला अंगणात माणूस मावेना. वडनेरची होतीच, जामचीही होती. ठाणेदारानं पकडून नेली नाही अशी बंदूक, म्हणून लांबून आली होती. बापूजी गुरव आले आणि रायफल पाटावर का नाही म्हणून विचारू लागले. चंद्रभान म्हणाला, खंडित हाय ना बापूजी, तुमीच सांगतलं होतं.

बापूजींनी डोळे मिटून जरा वेळ शास्त्र आठवलं. "मूर्ती फुटली तं खंडित," ते म्हणाले. "पण रणात जखम झाली तं खंडित नसते. थो तं वीर."

"कोणतं रण?"

तोवर तानबा जामवाल्यांना ओसरीवर घेऊन आला होता. त्यानं रायफल खुंटीवरून काढली, भोकात बोट घालून सगळ्यांना दाखवलं. "इथं लागली," तो सांगत होता. "दुश्मनाची गोळी. इकडून आत, तिकडून बाहेर. अन् हे पट्टे पाहा, मलमपट्टीचे. फौजेची रीतच हाय थे, जखमी बंदुकीले पांढरा पट्टा."

जामवाले ओळीनं भोकातून बघू लागले.

चंद्रभानचं तोंड गेल्या वेळेसारखं बंद राहिलं असतं, तर पुढचं सगळं सोपं होतं. त्यानं जयवंताकडं पाहिलं. ती झेंडूची माळ ओवत होती आणि त्याच्याचकडं बघत होती. तो उभा राहिला आणि साऱ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाला, "कवायतीची हाय हे. पोराईच्या कवायतीची. कारखान्यात भोक पाडलं. रण नाई, दुश्मन नाई."

बापूजींनी रायफल घेऊन पाटावर बारा बोअरच्या शेजारी मांडली. जामचा एक म्हातारा, डोक्याला उपरणं बांधलेला, चंद्रभानकडं कौतुकानं बघत राहिला.

"पाह्यलं का," तो शेजारच्याला हळूच म्हणाला. "एवढी बंदूक घरात, पण माणसात गर्व नाई."

जयवंतानं माळेतलं एक फूल तोडलं आणि पाटावरच्या रायफलीच्या भोकात देठासकट खोचून दिलं.